बिनभोंग्याची ड्युटी

रिपोर्ट माझ्याच हातात आला. क्रिएटिनिन पाच पॉइंट दोन. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनीने गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचा असतो. धडधाकट बाईचा तो एकच्या आसपास राहतो. आम्हा सिस्टर लोकांना नाव वाचायच्या आधी आकडा वाचायची सवय. मी लगेच कामाला लागले. "सहा नंबरच्या बाबांचा ना हा? सरांना सांगा, पोटॅशियम पाठवा, कॅथेटरचा ट्रे काढा," असं म्हणत मी रिकाम्या कॉटवर चादर टाकायलाही घेतली.

सोबतच्या सिस्टर पल्लवीने चादरीचं दुसरं टोक धरलं. म्हणाली, "ताई, तो तुमचा आहे."

खरं सांगते, पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, सगळ्या दवाखान्यात हे हिच्याच तोंडून ऐकायचं होतं? भीती मागून आली. मग मीच अंथरलेल्या चादरीवर मी निजले.

मी वनिता. वणीतल्या एका खाजगी दवाखान्यात चौदा वर्षं सिस्टर आहे. हे लिहिते ते माझ्यासारख्या बायांसाठी, ज्या दुसऱ्याच्या लघवीचा हिशेब ठेवतात आणि स्वतःची सहा-सहा तास धरून ठेवतात. ज्यांना वाटतं आपल्याला काही होत नाही, त्यांनी तर जरूर वाचावं. मलाही तसंच वाटत होतं.

आजाराची गोष्ट सांगायची तर आधी पोटदुखीची सांगावी लागते. म्हणजे दुसऱ्याचं बघून जे पोटात दुखतं, ते.

तशी मी घरातच शिकले जळायला. माझा नवरा प्रमोद कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. पाळी संपली की खाणीचा भोंगा वाजतो. भोंग्यानंतर थांबलं तर तो ओव्हरटाईम, त्याचे वेगळे पैसे. अर्धा घोट चहा कपात राहिला तरी भोंगा झाला की हा माणूस उठतो. आमच्या दवाखान्यात भोंगा नाही. आमची ड्युटी घड्याळावर संपत नाही, दुसरी सिस्टर येऊन उभी राहिली की संपते. ती आली नाही तर थांबायचं. पेशंट सोडून जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या थांबण्याला नाव नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "वनिता, आजच्या दिवस सांभाळून घे गं." दवाखाना सरांचा, मॅडम म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही डॉक्टर. दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. असे आजचे दिवस चौदा वर्षं चालले होते.

पगारवाढ मागायची आमच्याकडे रीतच नव्हती. दिवाळीला साडी, मिठाईचा डबा आणि त्यासोबत मॅडमच्या मनात येईल तेवढी वाढ. कोणी नव्या सिस्टरने कुरकुर केली तर मॅडम माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हिला विचारा, कधी मागितलं का हिने? घरचीच आहे ती." ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. दुसऱ्या कुणाला घरची म्हणत नव्हत्या ना.

मग मागच्या हिवाळ्यात पल्लवी आली. नेरची पोरगी, जीएनएम झालेली. मी एएनएम. दोन्ही नर्सिंगचेच कोर्स, पण तिचा मोठा. तिच्या मुलाखतीला मॅडमनी मला बसवलं होतं, पोरगी कामाची वाटते का ते बघायला. सगळं बोलून झाल्यावर ती सरळ म्हणाली, "मॅडम, ड्युटी आठ तासाची ना? आठाच्या वर थांबावं लागलं तर तासाचे किती?"

मला हसू आवरेना. म्हटलं, आता हिला मॅडम दार दाखवतात. मॅडमनी पंख्याकडे पाहिलं आणि एक आकडा सांगितला. ती म्हणाली, "थोडं वाढवा मॅडम, दुरून आली मी, खोली करून राहावं लागन." आणि मॅडमनी वाढवला. एवढंच. चौदा वर्षं मी ज्या दारासमोर उभी होते, ते नुसतं लोटलेलं होतं म्हणायचं.

घरी येऊन मी माझ्या महिन्याच्या पगाराला माझ्या उभ्या राहिलेल्या तासांनी भागलं. माझा तास तिच्या वरच्या तासाच्या निम्मासुद्धा आला नाही. माझी आई महागावकडे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची. दिवस मावळला की काट्यावर गाठोडं लागायचं आणि किलोमागे किती ते तिथल्या तिथे ठरायचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण काट्याकडे तिचं बारीक लक्ष असे. मी शिकले, पांढरा ड्रेस घातला, आणि माझं गाठोडं काट्यावर लावायचं मात्र विसरले. त्या संध्याकाळी मी प्रमोदला वाढलंही नाही नीट.

त्यानंतर पल्लवी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. तिचं सगळंच खुपे. ती दोन वाजता पर्स उचलायची ते खुपे. काउंटरवर पाण्याची बाटली ठेवून मधूनमधून प्यायची ते खुपे. मी एकदा ती बाटली उचलून खाली ठेवली. म्हटलं, काउंटर औषधांसाठी आहे. ती वाकून प्यायली. सगळ्यात किरकिरे पेशंट मी तिला दिले, तर ते आठ दिवसांत माझ्याऐवजी तिलाच हाका मारायला लागले. आता सांगा, जळणार नाही तर काय होणार!

माणूस जळतं तेव्हा दुसऱ्याचं काही जात नाही, स्वतःचंच सरपण होतं. मी ठरवलं, दाखवून द्यायचं. ही तासाचे मोजते, मी मोजत नाही. कोण खरी आणि कोण भाड्याची, हे मॅडमना दिसू दे. मी डबल ड्युट्या मागून घ्यायला लागले. सकाळची करून दुपारचीही. न मागता, न बोलता, तोंडावर हसू ठेवून.

मे महिना होता. वणीचा मे ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. वर ऊन आणि खाली कोळशाचा धुरळा. ड्युटीवर मी पाणी पीत नव्हते. हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण पुष्कळ सिस्टर असंच करतात. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली रिसेप्शनवर आणि इकडे तीन सलाईन संपत आलेल्या. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. सकाळचा चहा, मग एकदम घरचा तांब्या.

कंबर तर केव्हाची गेलेली. दिवसभर पेशंट उचलायचे, कुशीवर करायचे. त्याच्यावर आमच्याकडे एक इलाज होता, आणि तो फक्त आमच्याच जातीच्या माणसांना सुचू शकतो. नातेवाईक चिठ्ठीवरची सगळी इंजेक्शनं आणतात, पेशंट आधीच बरा होतो आणि दोन-चार अँप्यूल ड्रॉवरमध्ये उरतात. डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं मारायचं इंजेक्शन. कपडे बदलायच्या खोलीत जायचं आणि सोबतिणीला म्हणायचं, "एक मारून दे वं." ती मारते. अर्ध्या तासात कंबर गप्प. पेशंटला हेच इंजेक्शन देताना मी दहादा विचारायचे, किडनीचा त्रास आहे का, पाणी पिता का? स्वतःला कधी विचारलं नाही. पल्लवी आल्यापासून तर रोजचंच झालं होतं.

पहिलं लक्षण म्हणजे चपलेचा पट्टा रुतायला लागला. मग सकाळी डोळ्यांखाली सूज. अन्नाचा वास नको वाटे. लघवी थोडी आणि गडद. मी म्हटलं, ऊन लागलं. कांदा खिशात ठेवला, पन्हं प्यायले आणि ड्युटीवर गेले. सगळ्यांनी पाहिलं, पण सगळ्यांना माझं तोंड रोजचंच. पल्लवीने मात्र धरलं. "ताई, तुमचं तोंड सुजलेलं दिसून राह्यलं. रक्त पाठवू द्या." मी म्हटलं, जास्त शहाणी झाली. तरी तिने पाठ सोडली नाही, शेवटी तिची टकळी बंद व्हावी म्हणून हात पुढे केला. तोच हा रिपोर्ट.

किडनीचे डॉक्टर आमच्याकडे चंद्रपूरहून ठरल्या वारी येतात. माझं नशीब, तोच वार होता. त्यांनी पाय दाबून पाहिले, बोट रुतून खळगा पडला. सोनोग्राफी झाली. मग त्यांनी विचारलं, "पेनकिलर घेता?"

आमचे सर शेजारी उभे, मॅडम उभ्या, पल्लवी उभी. मी छताकडे पाहत होते.

"सिस्टर, मी परत विचारतो."

मी सांगितलं. रोज, कधी दोनदा, पाण्याशिवाय. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "पेशंटने असं केलं असतं तर तुम्ही त्याला काय बोलला असता?" मी काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी सांगितलेलं मी तुमच्यासाठी सोपं करून सांगते. मला झालं होतं अक्यूट किडनी इंज्युरी. म्हणजे किडनी कायमची गेलेली नाही, पण एकाएकी जबर मार बसून तिने काम थांबवलंय. शरीरात पाणी कमी असलं की किडनीला रक्त कमी पोचतं. अशा वेळी ती कशीबशी स्वतःच्या नसा उघड्या ठेवून तग धरते, आणि दुखण्याचं इंजेक्शन नेमकी तीच सोय बंद करतं. सोनोग्राफीत किडन्या आकाराने शाबूत होत्या. ती चांगली खूण. जुना आजार असता तर त्या आक्रसलेल्या दिसल्या असत्या.

"आता सगळं लघवीवर आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वजनाला तासाला कमीत कमी तीस एमएल हवी. उद्या संध्याकाळपर्यंत तेवढी आली नाही, पोटॅशियम चढत राहिलं, तर डायलिसिस करावं लागेल." डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून मशिनीने गाळून परत आत घालणं. मी कितीतरी पेशंटना त्यासाठी गाडीत बसवून दिलं होतं. त्यातले काही नंतर हप्त्यातून दोनदा जातच राहिले.

मला कॅथेटर लागला, म्हणजे लघवीची नळी. लघवीची पिशवी कॉटला लटकली. सलाईन अगदी मोजून, कारण किडनी बंद असताना जास्त पाणी गेलं तर ते फुप्फुसात साठतं. आणि दर तासाला पल्लवी यायची, वाकायची, पिशवीची मोजपट्टी डोळ्यांसमोर धरायची आणि आकडा लिहायची. पहिल्या दुपारी आठ. मग दहा. मग परत आठ.

शेजारच्या कॉटवर डेंग्यूतून उठलेली एक बाई होती. तिची पिशवी भरून ओसंडायला आलेली, पिवळीधमक. मी तिच्या पिशवीकडे पाहून जळत होते. हसू नका. चौदा वर्षांत मी साड्यांवर जळले, घरांवर जळले, नवऱ्याच्या भोंग्यावर जळले, पण दुसऱ्या बाईच्या लघवीवर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तिची पिशवी सारखी रिकामी करावी लागे. कटकट म्हणून तोंड वाकडं करायची ती! मला वाटे, बाई गं, थोडी इकडे दे.

प्रमोद पाळीवरून तसाच आला, कोळशाच्या कपड्यांत, हातात दोन शहाळी. पल्लवीने दारातच अडवलं. "भाऊजी, हे नका देऊ. याच्यात पोटॅशियम असते. त्याहीचं आधीच वाढेल आहे, हृदय बंद पडू शकते." तो घाबरून शहाळी पाठीमागे लपवायला लागला. मला तिचा राग आला. माझ्या नवऱ्याला शिकवणारी ही कोण! तीच गोष्ट मी शंभर नातेवाइकांना सांगितली असेल. तुमच्या घरी कुणाला हा आजार झाला तर शहाळं, केळी, मोसंबीचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. प्रेमाने आणलेलं असलं तरी नका देऊ.

संध्याकाळी मॅडम येऊन कॉटवर बसल्या. माझ्या कपाळावरून हात फिरवला. डोळे भरलेले होते त्यांचे, नाटक नव्हतं. "वनिता, पैशाची काळजी करू नको. तुझ्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. घरचीच आहेस तू." मला रडू आलं. आणि त्याच रडण्यात, का कोण जाणे, आत काहीतरी कुलूप लागल्यासारखं झालं. आता तर जन्मात काही मागता येणार नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पंधरावर आला, मग अठरा. पोटॅशियम जिथल्या तिथे होतं. त्या दिवशी पल्लवीची सकाळपाळी, ड्युटी दोनला संपायची. दोन वाजले, ती गेली नाही. पुढचीही पिशवी तिनेच मोजली. त्याच्या पुढचीही. दुपारची सिस्टर आलेली होती, तरी माझ्या कॉटशी हीच. मी डोळे मिटून पडले होते आणि मनात वितळत होते. वाटलं, मी हिची बाटली उचलून ठेवली, हिला किरकिरे पेशंट दिले, आणि ही माझ्यासाठी घर सोडून थांबली. शेवटी तीही घरचीच निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "पल्लवी, माझ्यासाठी थांबली तू. तुझे उपकार मी विसरणार नाही."

ती पिशवीशी वाकलेलीच होती. म्हणाली, "ताई, उपकार कायचे? सरांनी सांगतलं, तासातासाले एकाच हातानं मोजा, म्हून थांबली. तासाचे घेतले ना मी."

मी हात सोडला. म्हटलं, "म्हणजे पैशासाठी."

ती सरळ उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी एवढा तापलेला पाहिला नव्हता. "पैसे घेतले म्हून मोजलेलं खोटं होते काय ताई? तुमचा आकडा चुकला काय माह्या हातून? सकाळपासून माह्या पोटात गोळा उठून राह्यला तुमच्या पिशवीपायी. तो गोळा बी खरा आहे अन् पैसे बी खरे आहे."

मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"अन् आता बोलतेच तर आयका. मले तासाचे भेटते, बाकीच्या पोरीईले नाई भेटत. काहून, मालूम आहे? त्या गेल्या होत्या मागाले. मॅडम काय म्हनल्या? वनिताताई मागत नाई, तं तुम्हाले कायले पायजे? मी हजर होण्याच्या आधी मागतलं म्हून मले भेटलं. तुमच्यापायी आमाले कमी भेटते ताई. तुम्ही जळता माह्यावर, मले दिसते. पण मी बी जळते तुमच्यावर. तुमचं नाव निघालं का आमचं तोंड बंद."

शेजारच्या बाईने सुद्धा कूस बदलली. पल्लवीला बोलून गेल्यावर स्वतःलाच कसंतरी वाटलं असावं. ती खाली वाकली, परत मोजपट्टी पाहिली, परत पाहिली. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "माय वं. पस्तीस."

पस्तीस! तिने सरांना हाक मारली. पुढच्या तासाला बेचाळीस. किडनीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "किडनी जागी झाली. डायलिसिस सध्या नको." मी त्या दिवशी खूप रडले. आनंदाने रडले असं सगळ्यांना वाटलं. त्यात आनंद होता, पण पल्लवीचं वाक्यही होतं. ज्या गोष्टीची मला घमेंड होती, ती गोष्ट माझ्याच सोबतिणींच्या ताटातून घास काढत होती. मी मागत नव्हते, ते मला माझं मोठेपण वाटे. ते मोठेपण कुणाच्या पैशाने चाललं होतं?

किडनी जागी झाली की उलट होतं, लघवी धो-धो होते आणि पाणी भरून काढावं लागतं. तेही दिवस गेले. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं, "दुखण्याची गोळी-इंजेक्शन आयुष्यभर माझ्याशिवाय नाही. दर तासाला पाणी. डबल ड्युटी बंद. यावेळी किडनी परत आली, पुढच्या वेळी येईलच असं मी लिहून देणार नाही." सर म्हणाले, "हो हो, आम्ही सांभाळून घेऊ." सांभाळून घेणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. एखादी सिस्टर येणार नाही, पेशंट वाढतील, मॅडम हाक मारतील आणि मी थांबेन.

घरी पडल्या पडल्या खाणीचा भोंगा ऐकायचे. क्रिएटिनिन हळूहळू उतरत होतं, प्रत्येक तपासणीला थोडं. पण कामावर जायचा दिवस जवळ आला तशी मला भीती वाटायला लागली. भीती किडनीची होती आणि त्याहून मॅडमच्या केबिनची. ज्यांनी फुकट वाचवलं, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने मागायचं?

प्रमोदला बोलले. तो चपला झटकत होता. "मंग फेड उपकार. परत मर तिथं, म्हंजे फिटले," तो म्हणाला. मग जवळ येऊन बसला. "वनिता, मले भोंगा आहे म्हून मी शहाणा नाई झालो. आमच्या आधीच्या लोकाईनं भांडून घेतला तो. आयता नाई भेटला."

मी मागायला जाणार हे कळल्यावर पल्लवी म्हणाली होती, ताई, मी पण येते केबिनमध्ये. मी नको म्हटलं. खरं कारण सांगते, तिच्यासोबत गेले असते तर सगळे म्हणाले असते, पल्लवीने मिळवून दिलं. तेवढी जळजळ अजून शिल्लक होती. एकटीच गेले.

मॅडमनी खुर्ची दिली. तब्येत विचारली. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हटलं, "मॅडम, मला आठ तासांवर थांबायचं नाही. थांबावंच लागलं तर तासाचे पैसे हवेत. आणि पगारही वाढवून हवा. चौदा वर्षांची सिस्टर आहे मी."

मॅडमनी समोरची फाईल मिटली. "हे पल्लवीने भरवलं का तुझ्या डोक्यात?"

मला मिरची झोंबली. "नाही मॅडम. हे मला पिशवीनं शिकवलं."

"आम्ही तुझ्याकडून काही घेतलं का गं? तुला घरची मानलं आम्ही. मलाही कोणी तासाचे देत नाही वनिता, मीही सकाळपासून इथेच असते." त्या खरंच दुखावल्या होत्या. त्यांचेही पाय टेबलाखाली सुजलेले होते, मी पाहिले.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला वाचवलं, ते मी मरेपर्यंत सांगत फिरीन. पण उपकार वेगळे अन् पगार वेगळा. आजपर्यंत तुम्ही माझं नाव पुढे करून पोरींचा पगार थांबवला. आता माझंच नाव पुढे करून वाढवा. म्हणा, वनितानेसुद्धा मागितलं."

"सरांशी बोलते," मॅडम म्हणाल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ते मला किडनीपेक्षा जास्त दुखलं, हेही लिहून ठेवते. मागितलं की नातं थोडं सैल होतं. ते सोसावं लागतं. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण रडलेल्या मुलावर आई थोडी चिडतेच.

महिना भरताना मॅडमनी सगळ्या सिस्टरांना बोलावलं. आठ तासांच्या वर सगळ्यांना तासाचे. दर पल्लवीचाच. माझा महिन्याचा पगार थोडा वाढला, मी मागितला तेवढा नाही. संडासाची किल्ली ड्युटी रूममध्ये खिळ्याला लागली. पोरी टाळ्या वाजवत होत्या. मी मनात म्हटलं, चौदा वर्षं झिजून दर काय, तर पल्लवीचाच! मग पल्लवीकडे पाहिलं, तर तिचंही तोंड जरा उतरलेलं. तिचा एकटीचा दर आता सगळ्यांचा झाला होता. आमची नजरानजर झाली आणि दोघींनाही हसू फुटलं.

आज माझं क्रिएटिनिन एक पॉइंट एक आहे. माझी बाटली काउंटरवर असते, पल्लवीच्या बाटलीशेजारी. मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे, सर-मॅडमची आहे, आणि जिने तासाचे पैसे घेऊन माझा एकेक थेंब मोजला तिची सगळ्यात जास्त. सिस्टरांनो, पाणी प्या. ड्रॉवरमधली अँप्यूल स्वतःच्या दंडात टोचू नका. आणि आपण मागत नाही याचा अभिमान बाळगत असाल, तर आपल्यामुळे कुणाचं तोंड बंद होतंय ते एकदा बघून घ्या.

नवा नियम लागला त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. दुपारपाळीला पल्लवी. बरोबर दोनला ती वॉर्डच्या दारात आली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मोठ्याने आवाज काढला, "भोंऽऽऽ!" पेशंट दचकले, मग हसायला लागले. "ताई, भोंगा झाला. आता थांबसान तं तासाचे लागतीन." हे मला सुचायला हवं होतं, असं वाटून मी पुन्हा थोडी जळलेच. पण पर्स उचलली.

घरी येऊन भात टाकला, तोवर खाणीचा खरा भोंगा वाजला. प्रमोद आला आणि दारातच थबकला. आजारपण सोडलं तर इतक्या वर्षांत त्याच्या आधी मी घरी असल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. "काहून वं, आज लवकर?"

मी तांब्याभर पाणी त्याच्या हातात दिलं, एक मी घेतलं. म्हटलं, "लवकर नाई. टायमावर."